स्वागतोत्सुक बारा नसा

माझ्या पुतणीच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका एका सोमवारी दुपारी चिखलीच्या छापखान्यातून बाहेर पडल्या, आणि 'स्वागतोत्सुक' या मथळ्याखाली आमच्या घरातल्या बारा माणसांच्या नावांपुढे कंसात मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांची लक्षणे छापलेली होती. मजकूर मी तपासला होता.

मी एका जिल्हा दैनिकात तीस वर्षे आहे. आधी वार्ताहर होतो, आता उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणे हे माझे पोटापाण्याचे काम. त्यामुळे आमच्या घराण्यात पत्रिका, निधनवार्ता आणि सत्यनारायणाचे निमंत्रण यांचा मजकूर माझ्याकडेच येतो. 'प्रभाकरच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही,' असे माझे थोरले बंधू, म्हणजे वधूचे वडील, दिगंबरदादा आमच्या गावी उंद्रीत सांगत असत. (सोमवारपर्यंत.)

माझी मुलगी ऋतुजा दंतवैद्य आहे. पदवी झाली, आंतरवासिता झाली, आणि आता तिला पुढे मुखशल्यचिकित्सा शिकायची होती. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली. तेव्हा दादांनी घरातले कर्ते म्हणून निर्णय दिला होता.

"यंदा झालं तं झालं, पोरी. नाही तं दुसरबीडच्या रोडवर गाळा पाहून ठेवला हाय. दवाखाना टाक अन् दात उपट."

नुसता गाळा पाहिला नव्हता. दादांनी पाटीही रंगवून घेतली होती. पाटीवर ऋतुजाचे नाव होते आणि बाजूला हसणारी दाढ होती. ती पाटी आमच्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभी होती, आणि ऋतुजा अभ्यासाला वर जाताना रोज त्या दाढेकडे न पाहता जायची.

परीक्षेला महिना उरला तेव्हा तिने माझ्याकडे एकच मागणे केले. महिनाभर घरात पाहुणा नको. मी होकार दिला. तिने तो कागदावर लिहून घेतला. मी सही केली.

शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, औषधे, जंतू, दातांची घडण, दातात भरायचे पदार्थ, असा सगळा पाया एका महिन्यात पुन्हा वाचायचा होता. घरभर कागद चिकटले. फ्रिजवर कोणता दात कितव्या महिन्यात येतो याचा तक्ता होता. बेसिनच्या आरशावर चावायचे चार स्नायू. देवघराच्या दारावर लाळेच्या ग्रंथी. (देवाला त्या महिन्यात साखर-फुटाणे थोडे जास्त पडले, असे सौ. मंदाचे निरीक्षण आहे.)

मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा मात्र तिच्या लक्षात राहीनात. पुस्तकातली युक्ती झाली, मैत्रिणीची झाली. शेवटी तिने स्वतःची पद्धत काढली. एकेका नसेला एकेक नातेवाईक दिला.

"नस विसरते, बाबा," ती म्हणाली. "आत्या विसरता येते का?"

मी विचार केला. येत नाही.

उजळणीचा नियम असा, की कागदावर नातेवाइकाचे नाव आणि कंसात नसेचे लक्षण लिहायचे. नसेचे नाव लिहायचे नाही, ते आठवायचे. नावे 'श्री.' आणि 'सौ.' लावूनच लिहायची, कारण कंसात काहीही असले तरी मोठ्यांचा मान राखायचा, हे तिला तिच्या आईचे वळण.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी तिला पत्रिकेतली स्वागतोत्सुकांची यादीही सांगितली. तिचे अक्षर चांगले, म्हणून. लग्न परीक्षेनंतर दहा दिवसांनी उंद्रीत होते. यादीत त्रेपन्न नावे होती. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढे कंसात पद लिहितात: माजी सरपंच, कृषी सहायक, सेवानिवृत्त मुख्याध्यापक. पद नसेल तर 'प्रगतशील शेतकरी'. दोन्ही याद्या एकाच वहीच्या कागदांवर, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिल्या गेल्या आणि पंख्याने उडू नयेत म्हणून ऋतुजाने त्यांच्यावर जबडे ठेवले.

जबडे प्लास्टरचे. कॉलेजातले.

"बाबा, लग्नाची यादी वरच्या जबड्याखाली आहे," एवढे सांगून ती आंघोळीला गेली.

टेबलावर दोन जबडे होते. दोन्ही दात वर करून बसले होते. कोणता वरचा आणि कोणता खालचा, हे मला सांगता येईना. बातमीची दोन ठिकाणी खात्री करावी असा आमच्या धंद्याचा नियम आहे. म्हणून मी दोन्ही जबड्यांचे दात मोजले. सोळा आणि सोळा. बुलढाण्याची बस सुटायला वीस मिनिटे होती. मी एक जबडा उचलला, खालचा कागद घडी करून खिशात घातला आणि जाता जाता छापखान्यात देऊन टाकला.

छापखान्याचे अनिलभाऊ सावध माणूस. दुपारी मी जिल्हा परिषदेच्या पत्रकार बैठकीत असताना त्यांचा फोन आला.

"भाऊ, ते कंसातलं जसं लिह्यलं हाय तसंच घेऊ का?"

"कंसात पद असतं, अनिलभाऊ. तसंच घ्या."

"नाही, मी म्हणलं, एकदा इचारावं. मले थोडं..."

"एक अक्षर बदलायचं नाही तुमच्या मनानं. मागं तुम्ही एका वधूचं नाव बदललं होतं."

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर मुद्रित पाठवले. मी तपासले. तिथी, वार, मुहूर्त, वराच्या वडिलांचे नाव, मंगल कार्यालयाचा पत्ता, सगळे बरोबर होते. गोरज मुहूर्तातला एक रफार सरकला होता, तो मी सरकवला. स्वागतोत्सुकांची यादी मी वाचली नाही. कार्यक्रमाच्या बातमीत शेवटी 'यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले' अशी नावे येतात. ती मी तीस वर्षे न वाचता कापत आलो आहे. नावांची यादी कोणी वाचत नाही, असे माझे मत होते.

सोमवारी दादांनी पत्रिका परस्पर नेल्या. पहिली देवापुढे ठेवली. मंगळवारी ते जळगाव जामोदला जाऊन व्याह्यांना मानाची पत्रिका देऊन आले आणि वाटेत भेटेल त्याला देत आले. त्यांनीही यादी वाचली नव्हती. मुलीच्या बापाचे नाव वर मोठ्या अक्षरात असते. तेवढे त्यांनी दोनदा वाचले होते.

बुधवारी सकाळी मला जळगाव जामोदहून फोन आला. वराचे वडील निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

"नमस्कार. पत्रिका मिळाली. छपाई सुबक आहे."

"धन्यवाद."

"एक शंका होती. आमच्याकडे नावापुढे कंसात पद लिहितात."

"आमच्याकडेही तसंच."

"बरं. मग सौ. शकुंतलाबाई, कंसात 'तीन फांद्या. नुसता वारा लागला तरी भडका', हे पद कोणत्या खात्यात येतं?"

शकुंतला माझी थोरली बहीण. दुसरबीडला दिलेली.

मी त्यांना पुन्हा वाचायची विनंती केली. त्यांनी पहिल्या नावापासून वाचले. वर्गात वाचतात तसे, स्वल्पविरामाला थांबत. श्री. रमेश, ऐकणे व तोल सांभाळणे. श्री. दिगंबर, भटके, मानेपासून पोटापर्यंत. सौ. कमलाबाई, जीभ, ज्या बाजूला बिघाड त्या बाजूला वळते.

"आणि अकरावे आपण स्वतः," ते म्हणाले.

"मला काय लिहिलंय?"

"'खांदे उडवणे व मान फिरवणे, दुसरे काम नाही.' आपण निवृत्त झालात का?"

मी सर्व हकिगत सांगितली. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे बाकीचं सगळं शास्त्रीयच आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

मंदाने पत्रिका वाचली. चौथे नाव तिचे होते: 'सर्वांत बारीक, मागून निघते आणि नजर फिरवते.' तिने तेवढे दोनदा वाचले. मग माझे वाचले.

"पोरीनं अभ्यास केला हाय," ती म्हणाली.

ऋतुजाने पत्रिका हातात घेतली आणि तोंडातल्या तोंडात एक ते बारा म्हणून पाहिले. "बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. मग खाली बसली. "बाबा, एकोणीस दिवस राहिलेत. आता हे सगळे येतील."

मी तिला सांगितले की पत्रिका कोणी एवढी बारकाईने वाचत नाही.

दादा अकरा वाजता आले. मोटरसायकल बंद न करताच ओरडले.

"मी भटका? म्या काय बिऱ्हाड पाठीवर घेतलं हाय? सगळा उंद्री हासून राह्यला! प्रभाकर, तुह्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही ना बे? मंग हे काऊन सुटलं?"

"दादा, बसा. ती नस आहे."

"कोनाची नस?"

ते ऋतुजाच्या खुर्चीवर बसले आणि तिच्या पुस्तकावर टोपी ठेवली. तिने माझ्याकडे पाहिले. सही केलेला कागद समोर भिंतीवरच होता. मग तिने टोपी उचलून पुस्तक उघडले.

"मोठे बाबा, ही दहावी नस. बाकीच्या नसा डोक्यात आणि मानेत, फार तर खांद्यापर्यंत राहतात. ही एकटी खाली जाते. गळा, हृदय, फुप्फुस, पोट. सगळ्यांची विचारपूस करते. हृदय जास्त धावायला लागलं तर त्याला सावकाश करते."

"मंजे हृदयाले लगाम घालते."

"हो."

"अन् ते मी?"

"तुम्हीच. तुम्ही चिखली, उंद्री, जळगाव, दुसरबीड करता. तुम्ही थांबलात तर घराचं पोट बिघडतं."

दादांनी चित्रातल्या नसेवरून बोट फिरवले. "पुन्हा सांग," ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः म्हणून दाखवले, आणि एक फांदी विसरले तेव्हा तिने सांगितली. उठताना त्यांना आठवण झाली.

"तुह्या मोठ्या आईले जीभ लिह्यली हाय. दोन दिवसापासून ते कोनाशी बोलली नाही."

"मोठे बाबा, माफ करा."

"माह्यी त्याबद्दल तक्रार नाही," दादा म्हणाले आणि गेले.

एक तास पाच मिनिटे गेली होती. मी वेळ लिहून ठेवली.

गुरुवारी शकूताई दुसरबीडहून बसने आल्या. हातात पिशवी होती. पिशवीत चार लुगडी होती, म्हणजे मुक्काम होता.

"मी भडकते?" त्या दारातूनच भडकल्या. "कोन म्हनतं मी भडकते? प्रभ्या, तू लिह्यलं ना हे?"

"ताई, मी फक्त तपासलं."

"मंग तुले डोळे हायेत का नाहीत? अन् पंखा बंद करा आधी, वारा लागून राह्यला!"

मंदाने पंखा बंद केला. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

ऋतुजाने त्यांना पाचवी नस समजावली. कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा, अशा तिच्या तीन फांद्या. सगळ्या दातांचे दुखणे हिच्यामार्फतच कळते. आजार झाला तर झुळूक लागली तरी चेहऱ्यात कळ उठते. आणि बारा नसांत ही सर्वांत मोठी.

"सगळ्यात मोठी?"

"हो, आत्या."

"दिगंबरपेक्षा?"

"लांब ते आहेत. मोठ्या तुम्ही."

हे ताईंनी लगेच दादांना फोन करून कळवले. मग त्या चार दिवस राहिल्या आणि रोज सकाळी चहाबरोबर ऋतुजाला विचारत राहिल्या, "सांग माह्या फांद्या." ऋतुजा एकही चुकली, की 'माहीच नस इसरली' म्हणून दिवसभर अबोला. ती चुकेनाशी झाली.

शुक्रवारी माझे चुलतभाऊ रमेश आले. ते गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. पूर्ण नाव, आणि पुढे 'ऐकणे व तोल सांभाळणे', असे छापून आल्यावर गावात त्यांच्या तोलाची चौकशी सुरू झाली होती. सोबत समितीचे दोन सदस्य होते. त्यांना तोंडी खुलासा नको होता, लेखी हवा होता. ऋतुजाने आतल्या कानाची आकृती काढली आणि खाली लिहून दिले, की ऐकणे आणि तोल ही दोन्ही कामे निसर्गाने एकाच नसेला दिली आहेत. सदस्यांनी आकृतीवर तीन शंका विचारल्या. दोन तिला आल्या. तिसरीसाठी तिने पुस्तक काढले.

त्या रात्रीच्या जेवणाला ती खाली आली नाही. मी ताट घेऊन वर गेलो.

"बाबा, सतरा दिवस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला ती पाटी लावायची नाहीये. दवाखाना वाईट नसतो. पण मला जबड्याची ऑपरेशनं करायची आहेत. तुम्ही सही केली होती."

मी खाली आलो आणि जिन्याखालची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग मला सुचेल तो उपाय केला. खुलासा लिहिला: 'पत्रिकेतील स्वागतोत्सुकांच्या नावापुढील कंसातील मजकूर व्यक्तींविषयी नसून मज्जातंतूंविषयी आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' पाचशे प्रती छापून घेतल्या आणि नातेवाइकांच्या गटावरही टाकला.

खुलासा छापला की लोक मूळ बातमी शोधून वाचतात. हे मला धंद्यात शिरल्याच्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठाने सांगितले होते. ज्यांनी पत्रिका तोरणाला खोचून ठेवली होती, त्यांनी ती काढली. आणि तेव्हा मूळ यादीतल्या त्रेपन्नांपैकी एकेचाळीस जणांच्या लक्षात आले, की आपले नावच नाही.

"दिगंबररावाले नस, शकूबाईले नस, अन् आमाले काहीच नाही?" मंदाचे मामा थेट खुर्ची ओढून बसले. "आमी काय रक्ताचे नाही?"

नसा बाराच होत्या. त्या संपल्या होत्या. ऋतुजाने मामांकडे नीट पाहिले, आणि तिला उरलेला अभ्यास आठवला.

"मामाआजोबा, तुम्ही प्लास्टर," ती म्हणाली. "पाणी लागलं की आधी तापतं. पण तापल्याशिवाय घट्ट बसत नाही."

"मंजे मी चिडतो, पन मंग खंबीर."

"अगदी तसंच. आता मी विचारते, तुम्ही सांगा. आधी काय होतं?"

त्यानंतर तिने दार उघडेच ठेवले. जो आला त्याला तिने पाठ लावून दिला. चार जावयांना चावायचे चार स्नायू मिळाले. कोण सर्वांत ताकदवान यावरून त्यांच्यात अंगणात वाद झाला. दोन भाऊ वाटणीवरून बोलत नव्हते, त्यांना लाळेच्या दोन ग्रंथी दिल्या: मोठी कानाजवळची, पण एरवी जास्त लाळ सोडते ती जबड्याखालची. (धाकट्याने हे लिहून नेले.) एका आजेसासूबाईंना अक्कलदाढ मिळाली. त्यांनी ती मानाची म्हणून स्वीकारली. जो तो आपले शास्त्र ऐकून जाई आणि दोन दिवसांनी दुसऱ्याला घेऊन येई. मंदाने चहाचे मोठे पातेले खाली काढले ते परीक्षेपर्यंत वर ठेवले नाही. सही केलेला कागद भिंतीवरच होता. त्याच्या खाली चपला काढल्या जात होत्या.

परीक्षा नागपूरच्या केंद्रावर झाली. नंतर दहा दिवसांनी उंद्रीत लग्न लागले. व्याह्यांनी स्वागत स्वीकारताना दादांना 'नमस्कार, दहावे' म्हटले. कमलावहिनी त्या दिवशी बोलल्या. निकालाच्या वेळी ऋतुजाचे गुण पुरेसे होते, आणि दुसऱ्या फेरीत तिला सरकारी महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सेला प्रवेश मिळाला. दुसरबीडच्या गाळ्यात आता चष्म्याचे दुकान आहे. पाटीची मागची बाजू वापरली, असे दुकानदाराने सांगितले.

परीक्षेच्या दिवसाची एक नोंद राहिली. मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो. ऋतुजा बाहेर आली आणि आधी पाण्याची बाटली संपवली.

"कसा गेला?"

"चांगला. पाचव्या नसेवर आलं होतं, दहावीवर आलं होतं. प्लास्टरवर दोन. आत्याच्या फांद्या तर मी डोळे मिटून लिहिल्या असत्या." तिने बाटलीचे झाकण लावले. "तुमच्यावर पण एक प्रश्न होता."

"माझ्यावर?"

"अकरावी नस."

"मग?"

"चुकला."

तिने पिशवीतून पुस्तक काढून पान उघडले आणि खात्री केली. चुकलाच होता.

"कसा काय चुकला?"

"बाकीचे सगळे येऊन भांडून गेले, बाबा. प्रत्येकाला चार-चारदा समजावलं. तुमच्या नावापुढे छापलेलं तुम्हीही वाचलं होतंत ना? तुम्हीच एकटे काही विचारायला आला नाहीत. काऊन?"

मी खांदे उडवले.